शेजारच्या वाचनालयाशी करार करता येईल का?

प्रश्न : आमच्या गावचे वाचनालय 'ड' वर्गात (शासनमान्य ग्रंथालयांच्या अ ते ड या वर्गांपैकी शेवटच्या) आहे. महागडे संदर्भग्रंथ शेजारच्या गावातील वाचनालयाबरोबर मिळून घ्यावेत आणि दोन्हीकडच्या सभासदांना ते वाचायला मिळावेत, असे आमच्या कार्यकारी मंडळाला वाटते. कायद्यात याला आधार आहे का? त्यासाठी वेगळे अनुदान मिळते का?
— एका ग्रामीण वाचनालयाचे कार्यवाह

उत्तर : असा करार करण्यास आडकाठी नाही, मात्र त्यासाठी वेगळे अनुदान नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 नुसार ग्रंथालय निधी उभा राहतो तो मुख्यत्वे राज्याच्या अर्थसंकल्पातून, आणि 1970 च्या नियमांप्रमाणे परिरक्षण (म्हणजे वाचनालय चालवण्याचा नेहमीचा खर्च), इमारत व साधनसामग्री यांसाठीची अनुदाने मान्यताप्राप्त ग्रंथालयाला स्वतंत्रपणे, त्याच्या वर्गानुसार दिली जातात. दोन संस्थांनी मिळून केलेल्या खरेदीसाठी त्यांत निराळे शीर्ष नाही.

याचे कारण आपल्या कायद्याच्या घडणीत आहे. मद्रास राज्याच्या 1948 च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि तो पैसा स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणाकडे सोपवला. कर्नाटकानेही 1965 मध्ये उपकराचाच मार्ग धरला. तिथली ग्रंथालये अशा एकाच यंत्रणेच्या शाखा असल्याने पुस्तक या शाखेतून त्या शाखेत जाण्यास कुणाच्या मान्यतेची फारशी गरज उरत नाही. आपल्याकडे वाचनालये नागरिकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्था आहेत. सरकार त्यांना चालवत नाही, अनुदान देते. ही स्वायत्तता मोलाचीच आहे, पण वर्ग ठरवताना प्रत्येक संस्थेची स्वतःची ग्रंथसंख्या मोजली जात असल्याने दोन शेजारी वाचनालयांनी एकच पुस्तक दोनदा घेणे फायद्याचे ठरते, हा या रचनेतील उघड दोष आहे, असे आम्हाला वाटते.

तेव्हा एका ग्रंथाची मालकी दोघांत वाटून घेऊ नका. कोणते ग्रंथ कोणी घ्यायचे एवढे आधी ठरवा. प्रत्येक ग्रंथाचे देयक आणि दाखल नोंदवहीतील नोंद एकाच संस्थेच्या नावे ठेवा, म्हणजे वार्षिक तपासणीत व लेखापरीक्षणात घोळ होणार नाही. देवघेवीची मुदत, अनामत आणि हरवलेल्या ग्रंथाची भरपाई यांचा ठराव दोन्ही कार्यकारी मंडळांनी इतिवृत्तात नोंदवून त्याच्या प्रती परस्परांना द्याव्यात. तालुक्यातील आणखी वाचनालये सामील होणार असतील, तर सामाईक ग्रंथसूचीचे काम जिल्हा ग्रंथालय संघाकडे मांडा; मात्र पहिले वर्ष दोघांतच व्यवहार ठेवलेला बरा.