कुसळावर जाऊ नका

प्रश्न : ताई, भातात उगवलेली दोन गवतं उपटली, तर दोन्ही रानटी सावाच निघाली. पुस्तकात त्याच्या दोन जाती आहेत : एकीला कुसळ, दुसरीला नाही. माझ्या दोन्ही काड्यांना नाही. मग एकिनोक्लोआ कोलोना कोणतं आणि क्रस-गल्ली कोणतं?

उत्तर : या कुसळाने मलाही फसवलंय. कोलोनाला ते नसतंच. पण क्रस-गल्लीचं कधी पाच सेंटिमीटरचं, तर कधी गायब. तेव्हा ते सोडा, पट्टी घ्या.

कोलोनाच्या तुऱ्याच्या फांद्या आखूड, बहुधा एक ते तीन सेंटिमीटर, आणि साध्या. भिंगाखाली एक फांदी फिरवा : दाण्यासारखी कणिशकं चार ओळींत, वेणी घातल्यासारखी नीट. प्रत्येक दोन-तीन मिलिमीटरचं. क्रस-गल्लीत ही शिस्त नाही. फांद्या लांब, खालच्यांना पुन्हा उपफांद्या, कणिशकं तीन-चार मिलिमीटरची, दाटीवाटीने बसलेली. नावाचा अर्थच कोंबड्याची तंगडी! पानावर जांभळे आडवे पट्टे दिसले तर कोलोना. नसले तर त्यावरून काहीच ठरवू नका.

तुरा यायच्या आधी मात्र मी पैज लावणार नाही. तेव्हा भातापासून वेगळं ओळखलं तरी पुरे : पान खोडाला बिलगतं तिथे भाताला पातळ पापुद्रा असतो, या दोघांना नसतो.

आणि हो, लागवडीचे सावेही दोन आहेत. भारतीय सावा कोलोनापासून आला, जपानी क्रस-गल्लीपासून.