धातूवर वेलबुट्टी कोरायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (कोल्हापूर)

आधी कागद-पेन्सिल. गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी मुख्य वेल एका दमात, कुठंही न मोडता काढता आली पाहिजे, पानं नंतर. वेलच वाकडी असेल तर पानं काय झाकणार!

मग १२० अंशांचा व्ही-ग्रेव्हर (व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार) आणि पितळेची सपाट पट्टी घ्या. चांदीला लगेच हात लावू नका. वळण घेताना हत्यार नव्हे, खालची पट्टी फिरवायची. म्हणून पट्टी घट्ट धरणारा फिरता शिकंजा हवा. हत्यार सारखं निसटतंय? बहुतेक वेळा धार गेलेली असते. मी सुरुवातीला हाताला दोष देत बसलो, पट्ट्या वाया गेल्या. धार लावणं हीच अर्धी विद्या.

गुजरीत (कोल्हापूरचा सराफ बाजार) किंवा चांदीकामाच्या हुपरी गावात एखाद्या कारागिराशेजारी तासभर बसायला मिळालं तर सोडू नका.