ईस्लेंदिंगादागुरिन: 'आइसलँड डे' नव्हे, आणि त्यात 'दिन'ही नाही

कॅनडातल्या विनिपेगला राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या जवळच्या गिमली गावात दर ऑगस्टात 'ईस्लेंदिंगादागुरिन' नावाचा उत्सव असतो. मराठीत त्याला 'आइसलँड डे' म्हटलं तर चालेल का? आणि त्यातलं 'दागुर' म्हणजे आपला 'दिन'च ना?"

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं तर त्रिवार नाही.

मिरवणूक, शिंगांची शिरस्त्राणं, सुक्या आलुबुखाऱ्याचं सारण भरलेला थरांचा व्हीनारतेर्ता केक, हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहता, त्यावर मी काय सांगणार? नावाकडे वळू. 'ईस्लेंदिंगुर' म्हणजे आइसलँडचा माणूस. आपण नागपूरकर, सातारकर म्हणतो तसा आइसलँडकर. त्याची षष्ठी अनेकवचनी 'ईस्लेंदिंगा', म्हणजे आइसलँडकरांचा. 'दागुर' म्हणजे दिवस आणि शेवटचा 'इन' हा 'तो' या अर्थाचा, नामाच्या शेपटीला जोडलेला. एकूण अर्थ 'आइसलँडकरांचा तो दिवस'. दिवस देशाचा नाही, माणसांचा आहे, आणि 'आइसलँड डे' म्हटलं की नेमकं हेच पुसलं जातं. आइसलँडचा राष्ट्रीय दिन 17 जून. 1944 मध्ये तिथे प्रजासत्ताक झालं ते त्याच तारखेला. गिमलीचा उत्सव ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून, आधीच्या शनिवार-रविवारसकट येतो. त्याचं मूळ 1874 मध्ये आहे. आइसलँडमध्ये वस्ती होऊन हजार वर्षं झाली म्हणून डेन्मार्कचा, आणि तेव्हा आइसलँडचाही, राजा नववा क्रिस्तियान त्या वर्षी संविधान घेऊन बेटावर आला आणि इकडे अमेरिकेत मिल्वॉकीला पोचलेल्या मूठभर स्थलांतरितांनी 2 ऑगस्टला तो सोहळा केला. पुढच्याच वर्षी, 1875 च्या ऑक्टोबरात, विनिपेग सरोवराच्या काठी 'न्यू आइसलँड' ही आइसलँडकरांची वसाहत वसली. लगेच देवीची साथ आली आणि वस्तीतली कितीतरी माणसं गेली. पुढे 1890 मध्ये विनिपेग शहरातल्या आइसलँडकरांनी हा दिवस सुरू केला. 1932 मध्ये तो गिमलीला गेला. देश सोडून आलेल्यांनी स्वतःच्या नावाने ठेवलेला दिवस आहे हा. देशाचं नाव त्याला चिकटवू नका.

आता व्याकरणातली खरी मौज. समासात विभक्तीचा प्रत्यय गळतो असं आपण शाळेत शिकतो. राजाचा पुत्र तो राजपुत्र. पण संस्कृतात काही समासांत प्रत्यय शाबूत राहतो. वाचस्पती म्हणजे 'वाचः' अधिक पती, युधिष्ठिर म्हणजे 'युधि' स्थिर. याला अलुक् समास म्हणतात. 'ईस्लेंदिंगादागुर' हा शुद्ध अलुक् षष्ठी तत्पुरुष आहे. त्यातला षष्ठीचा 'आ' आणि संस्कृत षष्ठी अनेकवचनाचा 'आम्' हे एकाच मूळ प्रत्ययाचे दोन अवशेष आहेत. 'दागुर'मधला 'उर' म्हणजे तर आपला विसर्ग! संस्कृत 'वृकः', आइसलँडिक 'ऊल्वुर', अर्थ लांडगा. मूळ 'स्' संस्कृतात विसर्ग झाला, उत्तरेत 'र' झाला. जर्मन किंवा इंग्रजीत प्रथमेची ही खूण नामांवरून केव्हाच पुसली गेली. आइसलँडिकने ती राखली आणि कॅनडातल्या एका गावच्या फलकावर ती दरवर्षी झळकते.

'दागुर' म्हणजे 'दिन' हा समज मात्र मुळासकट उपटायला हवा. 'डे' आणि 'दिन' सारखे दिसतात म्हणून भाऊ, असं सांगणारे संदेश मला महिन्यातून एकदा तरी येतात, आणि तेच लोक 'महाराष्ट्र दीन' लिहितात. दीर्घ 'दीन' म्हणजे दुबळा, गरीब. 'दिन' तत्सम आहे, त्याचा इकार गुण, विष यांच्यासारखा ऱ्हस्वच राहतो. असो.

नातं दिसण्यावरून ठरत नाही, ध्वनींच्या नियमांवरून ठरतं. संस्कृतातल्या अस्सल 'द'चा जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, आइसलँडिक यांच्या कुळात, 'ट' होतो: दोन आणि टू, दहा आणि टेन, दात आणि टूथ. दिन, दिवस, देव या सगळ्यांच्या मुळाशी 'दिव्', म्हणजे चकाकणं, असा 'द' आहे. म्हणून त्यांचा उत्तरेकडचा नातलग 'ट' किंवा 'त'नेच सुरू व्हायला हवा, आणि तो होतोही: 'तीर' हा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातला, देव. इंग्रजी 'ट्यूझडे'च्या पहिल्या भागात तोच बसला आहे. 'दागुर'चा 'द' तिथे बसत नाही.

मग 'दागुर' कुणाचा? माझ्या मते निःसंशय 'दह्'चा. दाह, दग्ध, निदाघ यांचा. मूळ धातू 'धघ्' असा होता. एकाच शब्दात दोन महाप्राण, म्हणजे 'ध', 'घ' यांसारखी 'ह' मिसळलेली व्यंजनं, आली की संस्कृत पहिल्याचा प्राण काढून घेते, म्हणून 'ध'चा 'द' झाला. याला साक्षीदार हवा असेल तर 'दुहिता' घ्या. तिच्यातही हेच घडलं आणि तिची आइसलँडिक बहीण 'दोत्तिर', जी तिथल्या बहुतेक बायकांच्या नावाच्या शेवटी दिसते. 'दुहिता'ला जशी 'दोत्तिर', तसा 'दह्'ला 'दागुर'. लिथुआनियन भाषेत जळणं याला आजही 'दॅग्ति' म्हणतात. दिवस म्हणजे मुळात उन्हाचा, तापायचा वेळ.

याला विरोध करणारे विद्वान 'दागुर'चं नातं संस्कृत 'अहन्'शी, म्हणजे दिवस या अर्थाच्या दुसऱ्या शब्दाशी, लावतात. लावोत. पण मग सुरुवातीचा 'द' कुठून आला? त्यासाठी त्यांना दोन शब्दांची सरमिसळ झाली असं गृहीत धरावं लागतं, आणि ज्या दुसऱ्या शब्दाकडून 'द' उसना आणतात तो हाच 'जळणं' वाला शब्द! ज्याच्याशिवाय तुमचं पान हलत नाही, त्यालाच बाप मानायला हरकत काय?

आणि हा 'दाग' आपल्या घरात आहे. फारसीतला 'दाग़' म्हणजे तापल्या लोखंडाने उठवलेली खूण, हाही त्याच कुळातला. आइसलँडिक माणूस 'दागुर' म्हणताना मधला 'ग' घशातून घासून काढतो, अगदी फारसी 'ग़'सारखा. मराठीत आपण गुरं डागतो, तोफ डागतो. तोफेला बत्ती लावली जाई, विस्तव टेकवला जाई, म्हणून ती 'डागली'. बातम्यांतली क्षेपणास्त्रं आज बटण दाबून सुटतात, तरी क्रियापद विस्तवाचंच आहे. शर्टावरचा चहाचा डागही मूळचा चटक्याचा व्रण. 'डाग' थेट फारसीतून आला असं म्हणून काही कोश मोकळे होतात. मला हे पुरेसं वाटत नाही. संस्कृतात 'दाघ' आहे, त्यातून 'डाग' आला असेल का, हेही पाहायला हवं. प्राकृतात मधला 'घ' सहसा 'ह' होतो, ही त्यातली अडचण. सुरुवातीच्या 'ड'ची मात्र नाही. संस्कृत 'दशति'पासून डसणे आलं, 'दाढिका'ची दाढी झाली, म्हणजे 'द' कधी 'ड' होतो, कधी तसाच राहतो. आणि 'डागणे' हे क्रियापद ज्या सहजतेने गुराख्याच्या तोंडी बसलं आहे ते दरबारी उसनवारीचं लक्षण नव्हे. दोन्ही वाटा अखेर 'दह्'लाच जातात, म्हणून 'दागुर'शी नातं कुठेच तुटत नाही.

याच पत्रात ओझरतं असंही आहे की गिमलीतली मुलं आजीला 'अम्मा' म्हणतात, तर तो शब्द तमिळमधून गेला का. नाही. आजी 'अम्मा' आणि आजोबा 'आवी' हे अस्सल आइसलँडिक. मामा, बाबा, अम्मा हे बाळाच्या ओठांवर आपोआप येणारे आवाज जगभर कुटुंबातल्या माणसांना लागले आहेत, त्यासाठी कुणी जहाजात बसायला लागत नाही. उत्सवातल्या 'फ्यात्लकोना'कडे मात्र लक्ष द्या. 1924 पासून दरवर्षी समाजातली एक मानाची स्त्री ही पर्वतस्त्री होते, मुकुट घालून, हिरवा झगा पांघरून व्यासपीठावर बसते. तिच्यातली 'कोना', म्हणजे स्त्री, ही वेदातल्या 'ग्ना' आणि 'जनि' यांची सख्खी नातलग. इथे ध्वनींचे नियम तंतोतंत जुळतात.

मराठीत लिहायचं तर 'ईस्लेंदिंगादागुरिन' असंच लिहा, पुढे 'डे' किंवा 'दिन' जोडू नका, दिवस आत आहेच. पहिल्यांदा उल्लेख कराल तेव्हा 'आइसलँडकरांचा दिवस' असा अर्थ द्या. आणि महानुभाव गद्यात किंवा ज्ञानेश्वरीत 'डाग' किंवा 'डागणे' चटक्याच्या अर्थाने कुणाला आढळलं असेल, तर ओवी किंवा लीळेच्या क्रमांकासह कळवा.