‘नव्वद टक्के रुग्णांना आराम’, पण कोणाच्या तुलनेत?

आपल्या आईंच्या गुडघ्याविषयीचा प्रश्न वाचला. वय पासष्टीच्या पुढे, एमआरआयमध्ये झीज आणि फाटलेला मेनिस्कस (गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चेची गादी), दुर्बिणीतून गुडघा साफ करून घेण्याचा सल्ला, सोबत ‘नव्वद टक्के रुग्णांना आराम’ असे सांगणारे माहितीपत्रक, आणि आपण स्वतः शोधून काढलेले शोधनिबंध, ज्यांतले निम्मे शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहेत आणि निम्मे विरोधातले. यातल्या कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या गुडघ्यासाठी जवळजवळ याच मजकुराचा कागद आमच्या हातात आला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही आणि आपल्या आईंना मी तपासलेले नाही. शोधनिबंध कुठे मिळतात आणि कसे उघडायचे हे आपल्याला येते असे दिसते, तेव्हा ते सोडून देतो.

बाजूचे किती आणि विरोधातले किती अशी मोजदाद करू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक निबंधाला आधी एकच प्रश्न विचारावा: ज्यांच्यावर हा उपचार झाला नाही, पण जे इतर सर्व बाबतींत यांच्यासारखेच होते, त्यांचे पुढे काय झाले? ज्या निबंधात या प्रश्नाचे उत्तर नाही, तो शंभर रुग्णांचा असो की दहा हजारांचा, उपचार उपयोगी पडतो की नाही हे ठरवताना मी तो बाजूला ठेवतो. गुडघ्याचे दुखणे कमीजास्त होत राहते आणि माणूस डॉक्टरांकडे जातो तो दुखणे टोकाला गेल्यावर. त्यानंतर काहीही केले नाही तरी पुष्कळांचे दुखणे काही आठवड्यांत उतरते. त्यात शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, घरच्यांची काळजी आणि आता बरे वाटेल ही अपेक्षा मिळाली, की या सगळ्याचे श्रेय शस्त्रक्रियेच्या खात्यावर जमा होते. दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळू दिले नाही, तरच हे श्रेय वेगळे काढता येते.

आपल्या सुदैवाने या शस्त्रक्रियेच्या बाबतीत अशी तुलना झालेली आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडून साफ केला, आणि तिसऱ्या गटात केवळ त्वचेवर छेद दिले. या तिसऱ्या गटातही शल्यचिकित्सकाने नेहमीप्रमाणे उपकरणे मागितली, पाय हलवला आणि गुडघा धुतल्यासारखा आवाज यावा म्हणून सलाइनचे पाणीसुद्धा उडवले. दोन वर्षांपर्यंत पाहणी केली, तेव्हा वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत नकली शस्त्रक्रियेपेक्षा खरी शस्त्रक्रिया सरस ठरली नाही. या चाचणीवर आक्षेप घेतले गेले. रुग्ण बहुतेक पुरुष होते आणि सर्व शस्त्रक्रिया एकाच शल्यचिकित्सकाने केल्या होत्या. हे आक्षेप गैर नव्हते. मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिनलंडमधील पाच रुग्णालयांनी झीज नसलेल्या, पण मेनिस्कस फाटलेल्या १४६ रुग्णांवर मेनिस्कसचा फाटका भाग काढण्याची शस्त्रक्रिया आणि नकली शस्त्रक्रिया यांची तुलना केली, आणि वर्षानंतर तिथेही अर्थपूर्ण फरक दिसला नाही. त्यातला एक तपशील आपल्या माहितीपत्रकाशेजारी ठेवून वाचावा. खऱ्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८९ टक्के रुग्णांनी सुधारणा झाल्याचे सांगितले, आणि नकली शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८३ टक्क्यांनी. म्हणजे माहितीपत्रकातला ‘नव्वद टक्के’ हा आकडा खोटा असेलच असे नाही. तो अपुरा आहे, कारण त्याच्या शेजारचा दुसरा आकडा तिथे छापलेला नाही.

आम्हाला सर्वांत महाग पडला तो हाच न छापलेला आकडा. वडिलांच्या रुग्णालयात ‘रुग्ण मार्गदर्शन कक्ष’ नावाची एक खिडकी होती. शस्त्रक्रिया न करता व्यायाम केलेल्या रुग्णांपैकी किती जणांना आराम पडतो, एवढेच मी तिथे विचारले. समोरच्या कर्मचाऱ्याने माहितीपत्रक माझ्याकडे वळवले आणि पेनाच्या टोकाने तोच ठळक छापलेला आकडा दाखवला. मी प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ते डॉक्टरांना विचारा असे उत्तर मिळाले. डॉक्टरांच्या साहाय्यकांनी अशी माहिती कक्षातूनच दिली जाते असे सांगून परत पाठवले. शेवटी प्रश्न लेखी दिला, तर उत्तरादाखल संमतिपत्र आले आणि त्यासोबत तारीख आता निश्चित केली नाही तर पुढची लवकर मिळणार नाही अशी सूचना. वडिलांची वेदना वाढलेली होती, त्यांनी सही केली. सुरुवातीला बरे वाटले, नंतर गुडघा होता तसाच झाला. मला राग शस्त्रक्रियेचा नाही, कारण कोणताही उपचार एखाद्याला लागू पडत नाही हे समजण्यासारखे आहे. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा पर्याय त्या इमारतीत कोणीही, एकदाही उच्चारला नाही, आणि तो सुरू होईपर्यंत वडिलांचे चालणे बरेच कमी झालेले होते, याचा राग आजही आहे. मार्गदर्शन हे नाव लावलेल्या कक्षाकडे तुलनेचा आकडाच नसेल, तर तो कक्ष रुग्णाला मार्गदर्शन करत नाही, केवळ तारखा देतो.

आता एमआरआयविषयी. अहवालातले ‘फाटलेला मेनिस्कस’ हे शब्द वाचले की दुखण्याचे कारण सापडले असे वाटते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ सर्वसामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला आढळला, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात वेदना, ठणका किंवा ताठरपणा यांपैकी काहीही नव्हते. म्हणून चित्रात दिसणारा दोष दुरुस्त झाला म्हणजे रुग्ण बरा झाला, हे गृहीत धरता येत नाही. वैद्यकाने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके खरोखरच कमी करत असत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ आणि औषधहीन गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ रुग्ण दगावल्याचे दिसले. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती.

निम्मे निबंध बाजूने का दिसतात, याचे एक कारण म्हणजे प्रतिकूल निष्कर्ष पुष्कळदा छापलेच जात नाहीत. नैराश्यावरील औषधांच्या ७४ चाचण्यांची अमेरिकेच्या औषध नियामकाकडील नोंद तपासून निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. अनुकूल ठरलेल्या ३८ पैकी ३७ चाचण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ प्रसिद्धच झाल्या नव्हत्या आणि ११ अनुकूल वाटाव्यात अशा रीतीने छापल्या गेल्या होत्या. म्हणून सुट्या निबंधांपेक्षा, एका विषयावरच्या चाचण्या शोधून एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनसारख्या संस्थेचे पद्धतशीर आढावे आधी वाचावेत. तेही निर्दोष नसतात, पण काय शोधले, काय वगळले आणि का, हे त्यांत लिहिलेले असते.

आईंचे वय पाहता हाडांच्या औषधाचाही विषय निघेल, म्हणून थोडे विषयांतर करतो. ‘धोका निम्मा होतो’ असे कोणी म्हटले, तर कितीचा निम्मा हे विचारावे. मणक्याचा अस्थिभंग आधीच झालेल्या स्त्रियांवरील अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांच्या औषधाच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुब्याचे अस्थिभंग सुमारे तीन वर्षांत २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले, आणि क्ष-किरण चित्रांत दिसणारे मणक्याचे नवे अस्थिभंग १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर. दोन्ही ठिकाणी घट साधारण निम्मीच आहे, पण पहिल्या ठिकाणी शंभरात एका स्त्रीचा अस्थिभंग टळतो आणि दुसऱ्या ठिकाणी सात जणींचा. मला हा लाभ चांगला वाटतो, दुसऱ्या कोणाला वाटणार नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, मात्र त्यासाठी दोन्ही आकडे समोर हवेत.

हे वाचून मी शस्त्रक्रियांच्याच विरोधात आहे असे कृपया समजू नये. गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची १०० रुग्णांवर अशीच चिठ्ठ्या टाकून तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा व्यायाम आणि इतर उपायांना सांधेबदलाची जोड दिलेल्या गटात सुधारणा स्पष्टपणे जास्त होती, आणि गंभीर दुष्परिणामही जास्त होते. तिथे निवड खरोखरच अवघड आहे. झिजलेल्या गुडघ्याच्या दुर्बिणीतील शस्त्रक्रियेबाबत मात्र २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञगटाच्या शिफारशीने जवळजवळ सर्वच रुग्णांसाठी ती करू नये असा स्पष्ट कौल दिला आहे. गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा नुकतीच मोठी इजा झाली असेल, तर परिस्थिती वेगळी असते आणि वरचे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

आपल्या जागी मी असतो तर तारीख निश्चित करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांना स्वतः भेटून तीन गोष्टी विचारल्या असत्या. आईंच्या वयाच्या आणि एवढी झीज असलेल्या रुग्णांवर नकली शस्त्रक्रियेशी तुलना झाली आहे का, आणि झाली असल्यास फरक किती पडला? फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काही महिने व्यायाम केला आणि शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली, तर नेमके काय बिघडेल? आईंच्या तपासणीत असे काय आढळले, ज्यामुळे त्या सर्वसाधारण शिफारशीला अपवाद ठरतात? तिसऱ्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले, तर माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा त्या उत्तराला जास्त वजन द्यावे. आणि व्यायामाच्या काळात गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप आला, तर शोधनिबंध न उघडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.