आइस हॉकीत मारामारीसाठीच ठेवलेल्या खेळाडूला खालच्या लीगमधून पहिल्यांदा एनएचएलमध्ये बोलावतात, तेव्हा नेमकं काय होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. संघात मारामारीसाठी खास माणूस ठेवतात हे खरं का, आणि तो पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलमध्ये येतो तेव्हा त्याचं काय होतं. मी न्यू जर्सीत राहतो, ऑफिसातल्या मंडळींमुळे न्यूयॉर्क रेंजर्स या एनएचएल संघाचा नाद लागला आणि अशा एका पोराचं पदार्पण मी स्टेडियममध्ये बसून पाहिलंय. तेव्हा मोघम बोलण्यापेक्षा त्याचंच सांगतो.

आधी पहिली गोष्ट. हो, ठेवतात, पण आता असे खेळाडू फार उरले नाहीत. त्यांना एन्फोर्सर म्हणतात. एनएचएलमध्ये 2008-09 च्या मोसमात सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या, दहा वर्षांनी तो आकडा सव्वादोनशेच्या आसपास आला. मारामारीला शिक्षा आहे, नाही असं नाही. दोघांनी पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचं. पण दोन्हीकडचा एकेक आत गेला तरी त्यांच्या जागी दुसरे उतरतात आणि बर्फावर पाचास पाच कायम राहतात. संघाचं काहीच जात नाही. 'आमच्या स्टारला हात लावलास तर याच्याशी गाठ आहे' असं एन्फोर्सर ठेवण्याचं कारण सगळे सांगतात. त्यात थोडंफार तथ्य असेलही, पण माझ्या मते ही प्रथा टिकली ती या फुकटच्या हिशेबामुळे आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांमुळे. हातमोजे बर्फावर पडले की अख्खं स्टेडियम उभं राहतं. मीही राहतो, उगाच सोवळेपणा कशाला.

आता वर बोलावण्याचं. एनएचएलच्या प्रत्येक संघाचा खालच्या एएचएल लीगमध्ये एक जोडसंघ असतो. रेंजर्सचा म्हणजे कनेक्टिकटमधला हार्टफर्ड वुल्फ पॅक, न्यूयॉर्कपासून गाडीने दोन-अडीच तास. आपल्याकडे रणजीतून भारतीय संघात कुणी गेला की निवड समितीची बैठक, पेपरात फोटो, गावात फटाके. इथे एक फोन येतो आणि पोरगा किट गाडीत टाकून निघतो. वर कुणाला तरी दुखापत झालेली असते, एवढंच. तो बरा झाला की हा परत खाली. पैशातला फरक मात्र डोळे फिरवणारा आहे. 2023-24 मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला 7,75,000 डॉलर होता आणि तो वर काढलेल्या दिवसांच्या हिशेबाने मिळतो, म्हणजे दिवसाला साधारण 4,000 डॉलर. एएचएलमध्ये किमान पगारावरच्या खेळाडूचं अख्खं वर्ष पन्नास हजारांच्या थोडं पुढे जातं. वर दोन आठवडे टिकलं तर खालच्या वर्षभराची कमाई. त्या फोनला नाही कोण म्हणणार?

मी पाहिलेला तो पोरगा म्हणजे मॅट रेम्पी. कॅलगरीचा, तेव्हा वय 21, उंची साडेसहा फुटांच्या वर. 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, सहाव्या फेरीत, 165 वा. फेब्रुवारी 2024 मध्ये रेंजर्सचा ब्लेक व्हीलर जखमी झाला आणि रेम्पीला बोलावणं आलं. पहिला सामना कुठला, तर 18 फेब्रुवारीचा, मेटलाइफ स्टेडियममध्ये, उघड्या आकाशाखाली. एरवी तिथे अमेरिकन फुटबॉल चालतो, त्या दिवशी मैदानाच्या मधोमध बर्फाचा चौक तयार केला होता. समोर शहरालगतचाच कट्टर प्रतिस्पर्धी आयलंडर्स, आणि प्रेक्षक एकोणऐंशी हजारांच्या वर. हार्टफर्डमध्ये एवढी माणसं त्याने अख्ख्या महिन्यात पाहिली नसतील.

आम्ही पार वर बसलो होतो. तिथून चकती (पक) दिसतच नाही, खेळाडू कुठे धावतात त्यावरून अंदाज करायचा. पण रेम्पीचा 73 नंबर मात्र वरूनही डोळ्यात भरत होता. आयलंडर्सचे कोच पॅट्रिक रॉय यांनी सुरुवातीलाच मॅट मार्टिनची फळी उतरवली. मार्टिन म्हणजे चौदा वर्षं हेच काम केलेला मुरलेला माणूस. रेंजर्सने रेम्पीला त्याच्यासमोर उभं केलं. चकती पडली, ती कुणाकडे गेली कुणास ठाऊक, कारण दोघांचे हातमोजे बर्फावर. डाव्या हाताने समोरच्याची जर्सी खांद्याजवळ धरायची आणि उजव्याने ठोसे घालायचे, सगळा खेळ त्या पकडीचा असतो. जर्सीला मागून आत एक पट्टा असतो, तो पँटला बांधावा लागतो, नाहीतर समोरचा जर्सी डोक्यावरून ओढून तुम्हाला आंधळं करतो. रेम्पीच्या हेल्मेटला पुढे काच होती, कारण 2013 नंतर आलेल्या सगळ्यांना ती सक्तीची आहे. त्या काचेवर ठोसा बसला की मारणाऱ्याचीच बोटं फुटतात. मग लाइन्समन, म्हणजे पंच, मध्ये पडले आणि दोघे बॉक्समध्ये जाऊन बसले. एनएचएलमधली त्याची पहिली नोंद पाच मिनिटांची शिक्षा.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं ते हे, की हीच मारामारी त्याने हार्टफर्डकडून केली असती तर सामना तिथेच संपला असता त्याचा. एएचएलमध्ये 2016 पासून नियम आहे: फेसऑफच्या, म्हणजे चकती टाकून खेळ सुरू करण्याच्या, वेळी किंवा लगेच नंतर ठरवून मारामारी केली की थेट बाहेर. शिवाय मोसमात दहा मारामाऱ्या झाल्या की एका सामन्याची बंदी. वर, मोठ्या लीगमध्ये, यातलं काहीच नाही. म्हणजे खाली पोरांना आवरायचं आणि वर आणून मोकळं सोडायचं. हा दुटप्पीपणा मला अजून पचलेला नाही.

मार्टिनला नाही म्हणता आलं असतं. चौतिशीतल्या माणसाला नवख्याशी भिडून काय मिळणार होतं? पण या लोकांत एक रीत आहे. आधी विचारतात, समोरचा हो म्हणाला तरच हातमोजे टाकायचे. नव्या पोराला पहिल्या दिवशी संधी देणं हा जुन्यांचा मोठेपणा मानला जातो. (सामना रेंजर्सने 6-5 जिंकला, 4-1 ने मागे असताना, ओव्हरटाइमच्या दहाव्या सेकंदाला रेंजर्सच्या पनारिनच्या गोलवर. आमच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना घरी जाताना मारामारीच आठवत होती.)

हा मोठेपणा फुकट नसतो. पहिल्या दिवशी तुम्ही मागितलंत, दुसऱ्या दिवसापासून बाकीचे तुमच्याकडे मागतात. 24 तारखेला फिलाडेल्फियाचा निकोला डेलॉरिए, दुसऱ्याच दिवशी कोलंबसचा मॅथ्यू ऑलिव्हिए, 2 मार्चला टोरांटोचा रायन रीव्ह्ज. पदार्पणापासून सात सामन्यांत चार मारामाऱ्या, त्याही या धंद्यातल्या सगळ्यात जड हातांशी. फिलाडेल्फियात त्याने विजयी गोलही केला होता, पण लोकांनी फोटो फिरवले ते सुजलेल्या डोळ्याचे. त्या मोसमात 17 सामने, 1 गोल, 71 मिनिटांच्या शिक्षा. बर्फावर सामन्याला जेमतेम पाच-सहा मिनिटं मिळायची.

आणि एखाद्याला नाही म्हटलं तर? 11 मार्चला न्यू जर्सी डेव्हिल्सच्या कर्टिस मॅकडर्मिडने विचारलं, रेम्पी भिडला नाही. त्याच सामन्यात रेम्पीने डेव्हिल्सच्या सीगनथालरला कोपर मारलं आणि चार सामने बाहेर बसला. डेव्हिल्सने ते लक्षात ठेवलं. 3 एप्रिलला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा चकती पडताक्षणी दोघे भिडले आणि त्यांच्यासोबत बाकीचे आठही जण जुंपले. आठ खेळाडू सामन्यातून बाहेर. हिशेब चुकता झाला म्हणून सगळे खूश.

हे सगळं बघताना रेंजर्सच्या जुन्या चाहत्यांना डेरेक बोगार्ड आठवतो. तोही असाच उंच, ह्यूस्टनच्या एएचएल संघातून 2005 मध्ये मिनेसोटाकडे वर आलेला, आणि शेवटचा मोसम रेंजर्सच्याच जर्सीत खेळलेला. एनएचएलमध्ये 277 सामने, गोल फक्त तीन. मे 2011 मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने गेला, वय 28. नंतर बॉस्टनमध्ये त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसून होणारा सीटीई हा आजार आढळला. माझा सहकारी, जन्मापासूनचा रेंजर्सवाला, मेटलाइफला टाळ्या वाजवून खाली बसला आणि म्हणाला, "याच्या आईने आज टीव्ही लावला नसेल तर बरं."

रेम्पीचं पुढे काय, हेही विचाराल. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने जुना एन्फोर्सर जॉर्ज लराककडे धडे घेतले. पुढच्या मोसमात संघाने त्याला स्केटिंग आणि खेळ सुधारायला पुन्हा हार्टफर्डला धाडलं. डिसेंबरमध्ये वर आला, आणि डॅलसच्या मिरो हेस्कानेनला मारलेल्या धक्क्याबद्दल आठ सामन्यांची बंदी घेऊन बसला. त्या बंदीत पगारही कापला जातो.