मॅडम, मी चोरी केली का?

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे समुपदेशनाला आलेली केस. ओळख पटेल ते सगळं बदललंय आणि लिहायची परवानगी तिनेच दिलीये. रत्नागिरीकडची मुलगी, पीएचडी करतेय, विषय खाडीत सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मुळे काढणाऱ्या बायका (मुळे म्हणजे तिसऱ्या, खायचे शिंपले, भाजीतले नव्हेत). आली ती रेनकोटसकट, तशीच टपटपत खुर्चीत बसली आणि म्हणाली, मॅडम मी चोरी केलीये.

झालेलं असं की पेपर जर्नलला पाठवला, इंग्रजी चॅटजीपीटीकडून सुधारून घेतलेलं, आणि मग मैत्रिणीने कुठल्यातरी फुकट डिटेक्टरमध्ये (मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर ७८ टक्के एआय. तेव्हापासून झोप नाही, रात्री दोन-दोन वाजता तोच पेपर परत टाकून बघायचा, कधी ७८ येतात कधी ४१, आणि दहा टक्क्यांच्या वर गेलं की डिग्री जाते असं कोणीतरी सांगितलेलं. ते दहा टक्के यूजीसीच्या २०१८ च्या नियमातले, ते दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य मोजतात, त्याचा एआयच्या आकड्याशी संबंध नाही. पण घाबरलेल्या माणसाला हे आधी सांगून उपयोग नसतो.

म्हणून मी कोरा कागद दिला. म्हटलं, यंत्रानं काय काय केलं ते लिही, एका ओळीत एक. तिने लिहिलं "सगळं". सगळं म्हणजे काय गं? मुलाखती कोणी घेतल्या? चिखलात गुडघाभर कोण उभं राहिलं? मग हळूहळू चार ओळी झाल्या: व्याकरण, गोषवारा लहान करणं, शीर्षक, आणि "आधीच्या संशोधनाचा परिच्छेद, रेफरन्ससकट". चौथ्या ओळीनंतर पेन खाली ठेवलं तिने.

पहिल्या तीन ओळींसाठी एवढं रडायची गरजच नव्हती. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी नीट करून घेतलं, त्यात चोरी कसली? जर्नल मागेल तिथे तसं सांगायचं, बस. संशोधन प्रकाशनातली नैतिकता बघणाऱ्या कोप (COPE) या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलंय की एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण जबाबदारी घ्यायला माणूस लागतो, आणि वापर कसा केला ते उघड करा. डिटेक्टरचं म्हणाल तर ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध असे डिटेक्टर एआयचे ठरवतात. म्हणजे आपल्यासारख्यांचेच.

चौथी ओळ मात्र वेगळी. मी म्हटलं, हे रेफरन्स तू वाचलेस? मान खाली. तिथेच फोनवर एकेक डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून बघितला, अकरापैकी दोन सापडेनात. लेखक खरे, जर्नल खरं, लेखच अस्तित्वात नाही. मला वाटलं आता परत रडेल, पण उलट ती सावरून बसली आणि म्हणाली, "हे तर दुरुस्त करता येईल." नऊ रात्री जे नुसतं छातीवर बसलेलं ते आता दोन रेफरन्स एवढं उरलेलं ना.

मुलाखती एआयमध्ये टाकल्यास का हेही विचारलं, कारण त्या बायकांनी माहिती तिला दिलेली, कंपनीला नाही. म्हणाली, टाकणार होते, पण आमची बोली त्याला झेपलीच नाही. देवाचीच कृपा म्हणायची.

गाईडना सांगायला चार दिवस घेतले. सर चिडले, पण एआयवर नाही, न वाचता रेफरन्स दिले म्हणून, आणि ते बरोबरच होतं. मग दोघांनी संपादकांना मेल केला: दोन रेफरन्स मागे घेतोय, भाषेसाठी चॅटजीपीटी वापरलंय, मजकूर आम्ही तपासलाय आणि जबाबदारी आमची. उरलेले नऊ लेख तिने त्या आठवड्यात खरंच वाचून काढले.

परवा फोन आला होता. रिव्ह्यूअरने भाषेबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त विचारलंय की बायका मोजल्या त्या भरती-ओहोटीच्या कुठल्या वेळेला. "आता परत जायला लागणार चिखलात," म्हणाली, आणि हसत होती.