पावसात सिग्नल लाल का?

प्रश्न : झडीच्या दिवसांत पुढे गाडी नसतानाही आमच्याकडचा रेल्वेचा सिग्नल लालच राहतो. गाडी मिनिटभर थांबते, मग हळूहळू निघते. ड्रायव्हर लाल सिग्नल तोडतो काय? – एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : तोडत नाही. खांबावरच्या पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘ए’ असेल, तर तो स्वयंचलित सिग्नल. तिथं दिवसा १ आणि रात्री २ मिनिटं थांबून, पुढचं नीट दिसत असेल तर ताशी १५ किलोमीटरच्या आत जाण्याची मुभा नियमातच आहे.

आता लाल का? १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सननं पेटंट घेतलेली युक्ती अजून चालते. रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला रिले, म्हणजे करंट असेपर्यंत ओढलेला राहणारा विजेचा स्विच. दोन्हीकडे इन्सुलेटेड, म्हणजे करंट पलीकडे जाऊ न देणारे सांधे. गाडीचा आस दोन्ही रूळ जोडतो, करंट रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला तरी बहुधा तेच. आपली काळी माती खडीत वर आली आणि भिजली, की करंट तिच्यातूनच गळतो. रिलेला वाटतं गाडी आली! म्हणून खडी रुळाच्या तळाला टेकू देत नाहीत, चाळून साफ करतात, नाल्या मोकळ्या ठेवतात. गाडी ओळखणारं दुसरं यंत्र, अ‍ॅक्सल काउंटर, चाकं मोजतं, त्याला या गळतीचा त्रास नाही. पण तुटलेला रूळ त्याला कळत नाही.